भिंगरीच्या बाई

सार्वजनिक पोहण्याच्या तलावामागे सिमेंटची दोन टेनिस कोर्टं होती. त्यातल्या एकाला मधोमध तडा गेला होता आणि त्या तड्यावर चेंडू पडला की तो कुठे उडेल हे देवालाही सांगता आलं नसतं. या कोर्टांवर संध्याकाळी मुलांना शिकवणाऱ्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. दिवसा त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, तिथेही बाईच. घरी मात्र थोरल्या बहिणीसाठी त्या 'धाकटी' होत्या. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटीच.

थोरली बहीण म्हणजे अक्का. नवरा लवकर गेला तेव्हापासून ती बाईंबरोबरच राहत होती, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. टेलिफोन खात्यात तिची अख्खी नोकरी झाली. "जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली," ती म्हणायची, "आता माझं बोलणं कोणी मध्ये तोडायचं नाही." बाई तोडतही नसत. त्यांचा स्वभाव मुळात ऐकून घेण्याचा. शिकवतानाही त्या कमी बोलायच्या. मुलाच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या, बराच वेळ बघायच्या आणि मग एकच गोष्ट सांगायच्या.

मागे उभं राहायची ही सवय उगीच लागलेली नव्हती. तरुणपणी बाई स्वतः बरं खेळायच्या, विद्यापीठाच्या संघापर्यंत गेल्या होत्या. शिकवणारं कोणी नव्हतं. बघून बघून शिकल्या. त्यांचा बॅकहँड पहिल्यापासून चुकीचा बसला होता आणि ते त्यांना ठाऊकच नव्हतं. एका मोठ्या स्पर्धेत समोरच्या मुलीच्या कोचने ते पहिल्या दहा मिनिटांत हेरलं. मग त्या मुलीने प्रत्येक चेंडू तिथेच मारला. बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही की आपण नेमकं कुठे हरतोय. पुढे ती खोड काढायला त्यांनी खूप धडपड केली, पण मुरलेली खोड ती, निघाली नाही. तेव्हापासून त्यांचं एकच मत झालं होतं. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, कोणीतरी मागे उभं असावं लागतं. लग्न राहून गेलं, खेळ संपला, पण हे मत राहिलं, आणि बाईंनी त्यावर आयुष्य काढलं.

एका संध्याकाळी एका मुलाला त्याची आई घेऊन आली. आई कपड्यांच्या कारखान्यात गणवेश शिवायची. बाप घर सोडून गेलेला. मुलगा आठ-नऊ वर्षांचा, काटकुळा, एका पायावरून दुसऱ्या पायावर सारखा उड्या मारणारा.

"शाळेतून रोज तक्रार येते बाई," आई म्हणाली. "काल बाक उलटा केला, परवा खिडकी फोडली. तुम्ही याला काही शिकवलं नाहीत तरी चालेल. नुसतं दमवा. घरी आला की गप झोपला पाहिजे."

बाई हसल्या. त्यांनी एक जुनी रॅकेट दिली आणि कोर्टाच्या टोकाची भिंत दाखवली. "मार तिच्यावर. थकलास की सांग."

तो थकला नाही. बाकीची मुलं घरी गेली, तलावाच्या रखवालदाराने फाटक लावून घ्यायला सुरुवात केली, तरी मुलगा मारतच होता. बाई दाराकडे निघाल्या होत्या, त्या थबकल्या आणि मागे येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी कितीतरी मुलं पाहिली होती. शहाणी मुलं, उंच मुलं, आईबापांनी हौसेनं ढकललेली मुलं. पण हा मुलगा चेंडू कुठे आहे ते बघत नव्हता. चेंडू कुठे येणार आहे तिथे त्याचे पाय आधीच जाऊन उभे राहत होते. हे कोणी शिकवू शकत नाही.

त्या संध्याकाळी जिना चढून येताच बाई म्हणाल्या, "अक्का, आज एक मुलगा आलाय."

"रोज दहा येतात," अक्का म्हणाली.

"नाही ग. आज एक आलाय."

त्याचं नाव भिंगरी पडलं ते बाईंमुळेच. "अरे भिंगरी, जरा एका जागी थांब," असं त्या एकदा म्हणाल्या आणि पोरांनी ते उचललं. पुढे त्याची आईसुद्धा त्याला तेच म्हणायला लागली.

भिंगरीचा राग नाकावर असायचा असं म्हणणं कमीच होईल. तो अंगभर असायचा. रॅकेट आपटायचा, जाळीला लाथा घालायचा, समोरच्या मुलाच्या अंगावर धावून जायचा. बाईंच्या हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. चुकीचा फटका मारला की तो चिडत नसे, खांदे उडवून पुढे जाई. पण फटका बरोबर मारला आणि तरी चेंडू दोन बोटं बाहेर गेला, की त्याचा तोल सुटायचा. "मी बरोबर मारला होता!" असं तो किंचाळायचा, जणू अख्ख्या जगानं मिळून त्याला फसवलंय. अशा वेळी बाई एक अक्षर बोलत नसत. बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायच्या. त्याचा आरडाओरडा ओसरला की म्हणायच्या, "झालं? आता चेंडू गोळा कर." तो हुंदके देत, पुटपुटत, कोर्टभर पसरलेले चेंडू गोळा करायचा. शेवटचा चेंडू टोपलीत पडेपर्यंत श्वास जाग्यावर यायचा. मग खेळ पुढे सुरू.

सामन्यांत बाईंना बाहेरून काही सांगायची परवानगी नसे. तशी गरजही नसायची. त्या त्याला मान वळवून दिसतील अशा जागी बसायच्या, एवढंच. राग यायला लागला की तो तिकडे बघायचा. बाई काही खुणा करत नसत, नुसत्या बसलेल्या असत. पण त्या बसल्यात हे दिसलं की तो पुन्हा वळायचा आणि सर्व्हिस करायचा.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याला आसपास कोणी प्रतिस्पर्धी उरला नाही. लोक कोर्टाच्या जाळीशी उभे राहून बघायला लागले. "उपजत आहे हो," ते म्हणायचे. "असल्याला कोच कशाला?" भिंगरीचा मामा टायरच्या दुकानाचा मालक होता, बोलायला पक्का. तो आता दर स्पर्धेला हजर असायचा. एकदा त्याने हसत हसत विचारलं, "बाई, खरं सांगा. हा पोरगा तुमच्याशिवायही असाच खेळला असता ना?"

"कदाचित," बाईही हसून म्हणाल्या.

पण तो प्रश्न त्यांना जाम लागला. घरी येऊन त्यांनी तो अक्काला सांगितला. अक्का भाजी निवडत होती. "तू काय म्हणालीस?"

"कदाचित म्हणाले."

"वेडी आहेस," अक्का म्हणाली. "उद्या हेच तुझ्या तोंडावर फेकतील."

राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात व्हायचं ते झालं. भिंगरी सतरा वर्षांचा होता. पहिला सेट त्याने खिशात घातला होता, दुसऱ्यात पुढे होता. एक फटका रेषेवर पडला, निदान त्याला तसं वाटलं, आणि रेषेवरच्या पंचाने तो बाहेर दिला. पंच म्हातारे गृहस्थ होते, जाड चष्म्याचे. भिंगरीने रॅकेट आपटली. ताकीद मिळाली. पुन्हा आपटली, पॉइंट गेला. मग तो तरातरा त्या म्हाताऱ्याकडे चालत गेला. या वेळी त्याने बाईंकडे पाहिलं नाही. त्याच्या हातात मोडकी रॅकेट होती आणि तो हात वर गेला.

पुढचं फार झटपट घडलं. बाई जागेवरून उठल्या, कठडा ओलांडून कोर्टावर उतरल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. भर प्रेक्षकांसमोर, लहान पोराला बाजारातून ओढून न्यावं तसं त्याला ओढलं. "चल. पुरे झालं." कोच कोर्टावर आला की खेळ थांबतो. मुख्य पंचांनी सामना समोरच्या मुलाला देऊन टाकला.

कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात मामा, आई आणि बाई उभे होते. भिंगरी बाहेर आला तो पांढराफटक पडलेला.

"मी मारणार नव्हतो," तो म्हणाला.

"हात वर गेला होता रे," बाई म्हणाल्या.

"मी मारणार नव्हतो! तुम्हाला काय माहीत मी काय करणार होतो ते? मी जिंकत होतो. तुम्ही हरवलंत मला. त्या पोराने नाही, तुम्ही."

"भिंगरी..."

"मला भिंगरी म्हणू नका. काय शिकवलंत हो तुम्ही मला? मला येतच होतं. तुम्ही नुसत्या बसून असायचात."

आईने त्याचा दंड धरून त्याला गप्प करायचा प्रयत्न केला. मामा भिंतीकडे बघत होता. म्हातारा खरंच मार खाणार होता का, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. आणि ते पुढे कधी, कोणालाच कळणार नव्हतं.

त्यानंतर तो कोर्टांवर आला नाही. बाई वाट बघत राहिल्या. "येईल," त्या म्हणायच्या. "राग ओसरला की येतो तो." अक्का काही बोलायची नाही, आणि अक्का बोलत नाही म्हणजे काय, ते बाईंना कळायचं.

मामाने खटपट करून त्याला राजधानीतल्या एका नामांकित कोचकडे धाडलं. ते मोठे सर. त्यांच्याकडे यंत्रं होती, चेंडूचा वेग मोजणारी, पायांचे फोटो काढणारी. तिथे तो एक हंगाम टिकला. मोठ्या सरांनी त्याची पकड बदलायला सांगितली, त्याने ऐकलं नाही. सर ओरडले, हाही ओरडला, आणि बॅग उचलून चालता झाला. मग त्याने जाहीर करून टाकलं की आपल्याला कोच नको. कोणीच नको. आपण एकटे खेळणार.

आणि तो जिंकायला लागला.

लहानसहान नव्हे, चांगल्या चांगल्या स्पर्धा. परदेशातल्यासुद्धा. एकदा बाई आणि अक्का टीव्हीसमोर बसल्या होत्या तेव्हा त्याची मुलाखत लागली. खांद्यावर टॉवेल, कपाळावर घाम, चेहरा आता पुरता मोठ्या माणसाचा झालेला. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, "तुमचे कोच कोण?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "आमच्या गावात एक भिंत होती. तिच्यावर शिकलो."

अक्काने टीव्ही बंद केला. "गरज सरो आणि वैद्य मरो," ती दात ओठ खात म्हणाली.

"खोटं नाही बोलला तो," बाई म्हणाल्या. "भिंतीवर खूप खेळलाय."

"धाकटे, निदान चीड तरी. तुझ्याच्याने एवढंही होत नाही का?"

बाईंना चिडता आलं नाही. चिडण्यासाठी आपण त्याला काही दिलं होतं अशी खात्री असावी लागते आणि तीच आता डळमळायला लागली होती. त्या रोज मनातल्या मनात हिशोब मांडायच्या. त्याचे पाय? ते आलेलेच होते. हात? तोही. धिटाई, भूक, डोळा, सगळं तो घेऊनच आला होता. मग आपण काय केलं? चेंडू टाकले. पायरीवर बसलो. तसं तर तलावाचा रखवालदारही बसलाच असता.

मुलाखत सगळ्यांनीच पाहिली होती. कोर्टांवर येणाऱ्या पोरांचे आईबाप पूर्वी बाईंना नमस्कार करायचे, ते आता इकडचं तिकडचं बोलायला लागले. एकाने तर सरळच म्हटलं, "बाई, मुलगा म्हणतो मी भिंतीवरच खेळेन. भिंगरी नाही का शिकला?" बाईंनी मान डोलावली. मुलं पांगत गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्वी दोन्ही कोर्टं पुरत नसत. आता एक कोर्ट रिकामंच पडून असायचं, तड्यातून गवत डोकवायचं.

तरी त्याचा एकही सामना बाईंनी चुकवला नाही. टीव्हीला नाक लावून बघायच्या. एक दिवस त्या अशाच बघत होत्या आणि अचानक म्हणाल्या, "अक्का, याचा खांदा दुखतोय."

"तुला इथून दिसतंय?"

"सर्व्हिसला चेंडू बघ कुठे उडवतोय. डोक्यापासून लांब, उजवीकडे. पूर्वी समोर उडवायचा. हात पूर्ण वर न्यायचं टाळतोय तो. त्याला स्वतःला कळलंही नसेल."

पुढचे दोन सामने बाईंनी तेवढंच पाहिलं. मग त्यांनी त्याच्या आईचं घर गाठलं. आई आता कारखान्यात जात नव्हती. मामाही तिथेच होता, सोफ्यावर ऐसपैस.

"त्याला थांबवा," बाई म्हणाल्या. "चांगल्या डॉक्टरला दाखवा. दोन-तीन महिने रॅकेट हातात घ्यायची नाही. नाहीतर खांदा कायमचा जाईल."

आई घाबरून मामाकडे बघायला लागली. मामाने पाय खाली घेतले. "बाई, पोरगा जिंकतोय. जिंकणाऱ्याचा खांदा दुखत नसतो. वाईट वाटून घेऊ नका, पण आता जळणं सोडा."

"मी जळत नाहीये हो."

"मग कशाला आलात?"

बाई घरी आल्या. अक्काने त्यांच्याकडे बघितलं आणि पाणी आणून दिलं. बाई म्हणाल्या, "मी स्वतःच जाते त्याच्याकडे. पुढच्या आठवड्यात तो इकडे देशातच एका मोठ्या स्टेडियमवर खेळतोय."

"जा. पण एक विचारू? तुला त्याच्या खांद्यासाठी जायचंय, की त्याच्यासाठी?"

बाई रिकामा पेला घेऊन आत निघाल्या.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," अक्का म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात धार नव्हती. "त्याला लगेच कळेल."

बसचा प्रवास दिवसभराचा होता. स्टेडियमच्या खेळाडूंच्या फाटकाशी पहारेकऱ्याने बाईंना अडवलं. त्या तिथेच कडेला उभ्या राहिल्या, उन्हात, पर्स पोटाशी धरून. भिंगरी सराव संपवून बाहेर आला आणि त्यांना बघून थांबला. क्षणभर त्याचा चेहरा आठ वर्षांच्या पोराचा झाला. मग पुन्हा बंद झाला.

"बाई? तुम्ही इथे?"

"जेवलास का?"

"हो... नाही. का आलात?"

बाईंनी सांगितलं. चेंडू कुठे उडतोय, हात कुठे अडतोय, सगळं. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्यांनी हात वर करून दाखवलंही. येणारे-जाणारे बघत होते. त्याने ऐकून घेतलं. मधेच त्याचा डावा हात नकळत उजव्या खांद्याकडे गेला आणि त्याने तो पटकन खाली आणला. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलं हे त्यालाही कळलं. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

"तुम्हाला परत यायचंय ना?" तो म्हणाला.

"काय?"

"माझ्यासोबत. आता मी टीव्हीवर दिसतो ना, म्हणून. सगळ्यांनाच यायचंय. मोठ्या सरांचाही फोन येतो. हा खांदा, तो गुडघा. सगळ्यांना माझ्यात काहीतरी बिघडलेलं हवं असतं."

बाईंना नाही म्हणता आलं असतं. 'छे रे, मला कशाला यायचंय? खांद्याचं तेवढं सांगायला आले,' एवढं म्हणून त्या वळल्या असत्या, तर कदाचित त्याने ऐकलंही असतं. पण बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या. "यायचंय मला. रोज वाटतं. पण खांद्याचं खरं आहे रे बाळा."

त्याने पहिलं तेवढंच ऐकलं.

"बघा, मी म्हणालोच होतो," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कसलं तरी समाधान होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. "घरी जा बाई. ऊन आहे." त्याने पहारेकऱ्याला सांगून त्यांच्यासाठी रिक्षा बोलावली आणि आत निघून गेला.

खांद्याचा स्नायू फाटला तो त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर, दूरच्या एका देशात, एका साध्या पात्रता सामन्यात. समोरचा खेळाडू त्याच्यापेक्षा कितीतरी कच्चा होता. प्रेक्षकांतून कोणीतरी काहीतरी ओरडलं, भिंगरीचं डोकं फिरलं, आणि त्याने त्या माणसाला उत्तर म्हणून सगळा जोर लावून सर्व्हिस केली. मग लगेच दुसरी, त्याहून जोरात. तिसऱ्या वेळी चेंडू वर गेला आणि रॅकेट हातातून गळून पडली. हात बाजूला लोंबत राहिला. बाईंनी हे टीव्हीवर पाहिलं नाही, तो सामना कुठेच दाखवला जात नव्हता. मामाचा फोन आला.

शस्त्रक्रिया झाली. ती बरी झाली असं वाटलं, मग दुसरी करावी लागली. दुसऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हात कामापुरता चालेल, कपडे घालता येतील, गाडी चालवता येईल. डोक्यावर नेऊन चेंडू मारता येणार नाही. भिंगरी तेव्हा बावीस वर्षांचा होता.

तो घरी आला तेव्हा कोणाशी बोलेना. दार लावून बसायचा. एक दिवस त्याची आई बाईंच्या घरी आली, तिसरा मजला चढून, धापा टाकत. पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाई, तुम्हीच चला. तुमचंच ऐकायचा तो."

"कधी ऐकायचा?" अक्का म्हणाली.

"अक्का, राहू दे," बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

त्याच्या खोलीत एक पलंग होता, एक कपाट, आणि खिडकीत ठेवलेली चषकांची रांग, धूळ बसलेली. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. सुंभ जळला होता, पण पीळ अजून दिसत होता. जबडा आवळलेला, पाय हलत होते. बाई खुर्चीवर बसल्या. बाईंना वाटलं, हे आपल्याला जमतं, नुसतं बसणं. एवढं तरी आपलं आहे.

मग तो म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"सगळं माहीत होतं. फाटकाशी येऊन सांगितलंत."

"हो रे."

"मग गेलात कशाला?" त्याने मान वर केली. डोळे लाल होते. "मी जा म्हटलं आणि तुम्ही गेलात? रिक्षात बसून? मी काय, आयुष्यात पहिल्यांदा जा म्हणालो होतो का? जेव्हा जिंकत होतो तेव्हा माझं मनगट धरून फरफटत नेलंत. आणि तेव्हा नुसतं तोंडाने सांगून निघून गेलात. जोरात सांगायचं ना बाई. ओरडायचं. रस्त्यावर आडवं पडायचं."

बाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "मला कोच हवा होता की नको?"

हा प्रश्न त्यांना मामाने विचारला होता, पोरांच्या आईबापांनी विचारला होता, त्यांनी स्वतःला हजारदा विचारला होता. त्याने कधी विचारला नव्हता. बाईंनी खूप शोधलं, पण त्यांना जे उत्तर दिसलं ते देण्यासारखं नव्हतं. हवा होता म्हणावं, तर तो कोच फाटकाशी उभा होता आणि उन्हाला घाबरून निघून गेला होता. नको होता म्हणावं, तर हा लोंबता हात समोर होता.

"मला माहीत नाही रे," त्या म्हणाल्या.

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. थोड्या वेळाने बाई उठून आल्या. आईने जिन्यापर्यंत येऊन विचारलं, "काय म्हणाला?" बाई म्हणाल्या, "झोपलाय."

मामाने त्याला दुकानात बसवून पाहिलं. तो गिऱ्हाइकांच्या अंगावर यायचा. एका गिऱ्हाइकाने टायरचं माप चुकीचं सांगितलं म्हणून त्याने पाना भिरकावला, तो काचेवर बसला. मामाने हात जोडले. मग तो दुसऱ्या गावी गेला, कुठल्याशा कंपनीची माल पोचवायची गाडी चालवतो म्हणतात. आईला कधीमधी फोन येतो. बाईंबद्दल तो विचारत नाही आणि आईही आपण होऊन सांगत नाही.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या. कोर्टांवर अजून जातात. मागे एकदा एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला होता. मुलगी दहाएक वर्षांची, वेणीला लाल रबर. बाईंनी तिला थोडे चेंडू टाकले. पाचव्या-सहाव्या चेंडूला त्यांचा हात थांबला. पण त्या तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. समोरूनच त्यांना पुरेसं दिसलं होतं.

"मी आता लहान मुलं घेत नाही," त्यांनी त्या माणसाला सांगितलं. "नदीपलीकडे एक क्लब आहे, तिथे जा."

"पण लोक म्हणाले की बाईंसारखं..."

"लोकांना काय कळतंय," बाई म्हणाल्या.

मुलगी जाताना मागे वळून रिकाम्या कोर्टाकडे बघत होती. बाईंनी तिची नजर टाळली आणि चेंडू टोपलीत भरत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी अक्काला हे सांगितलं. अक्काची दृष्टी आता अधू झाली होती, ती आवाजावरून सगळं ओळखायची.

"चांगली होती का?"

"हं."

"किती?"

बाई आत गेल्या आणि त्यांनी गॅस पेटवला. अक्काने पुन्हा विचारलं नाही. आयुष्यात प्रथमच तिने आपलं बोलणं आपणच मध्ये तोडलं.

आता सकाळी बाईंकडे चार-पाच बायका येतात. एक बँकेतली, एक दातांची डॉक्टर, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या, सगळ्या पन्नाशीपुढच्या. वजन कमी व्हावं म्हणून येतात, ते होत नाही. खेळही सुधारत नाही. कोणी गुण मोजत नाही. तड्यावर पडलेला चेंडू भलतीकडे उडाला की एकमेकींच्या अंगावर पडून हसतात. "बाई, आमचं काही खरं नाही हो," त्या म्हणतात. "छान चाललंय," बाई म्हणतात, आणि टोपलीतून पुढचा चेंडू काढतात.